शोकेसमधली कुपी

जेल गाजत होतं तोवर ते ‘आमचं जेल’ होतं. डॉ. आमोद रिसबूड परिषदांमध्ये आमचं जेल म्हणायचे, वर्तमानपत्राच्या मुलाखतीत आमचं जेल म्हणायचे, कँटीनमध्ये साबुदाणा वडा खाता खाता शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा बेताने आमचं जेल म्हणायचे. मग जर्मनीहून पहिली तक्रार आली, की तुमच्या पेपरात लिहिलंय तसं आमच्याकडे काही होत नाही. त्या दिवसापासून सर ‘उल्काचं जेल’ म्हणायला लागले. उल्का पानसे त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. सहावं वर्ष चालू होतं, त्यामुळे ती सरांना चांगली ओळखून होती. आता आपलं काही खरं नाही, हे तिला तेव्हाच कळलं.

हे जेल म्हणजे काही डोक्याला चोपडायचं नव्हे. उल्काने एक रेणू घडवला होता. तो गरम द्रवात विरघळवून गार होऊ दिला की हे रेणू आपणहून एकमेकांना धरायचे. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असे त्यांचे लांबच लांब धागे व्हायचे, धाग्यांचं जाळं व्हायचं आणि सगळा द्रव त्या जाळ्यात अडकून जागच्या जागी थिजायचा. कुणी विणायचं नाही, कुणी चिकटवायचं नाही, रेणूंनी स्वतःच स्वतःला रचून घ्यायचं. या एवढ्याशा गोष्टीवर जगभर माणसं आयुष्यं काढतात. जेल झालं की नाही हे बघायची त्यांची पद्धत मात्र दही लागलंय का बघण्याइतकीच साधी. बोटभर उंचीची काचेची कुपी घ्यायची आणि उलटी करायची. खाली आलं नाही तर झालं.

चार वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा खाली आलं नाही, तेव्हा उल्का स्टुलावर नुसती बसून राहिली होती. समोरच्या बेंचवर काम करणारा केयूर धावत आला, त्याने कुपी हातात घेऊन पुन्हा पुन्हा उलटी केली, टिचक्या मारल्या, आणि शेवटी ‘तू भारी आहेस यार’ म्हणून स्वतःच खुळ्यासारखा हसत सुटला. त्याच दिवशी केलेली दुसरी कुपी उल्का संध्याकाळी पर्समधून बिबवेवाडीला घरी घेऊन आली. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात ती आणि बाबा. शरच्चंद्र पानसे बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला मोजके. त्यांनी चष्मा लावला, कुपी उलटी धरली.

"पडत नाही?"

"नाही पडत, बाबा."

"अजिबात?"

"अजिबात."

"मग झालं तर." एवढं बोलून त्यांनी शोकेसमधल्या आईच्या फोटोशेजारी, जिथे उल्काचा शाळेतला वक्तृत्वाचा कप होता, तिथे कप सरकवून कुपीला जागा केली. त्यांच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे पुष्कळच होतं. उल्काला ते पुढे छापून आलेल्या सगळ्या अभिनंदनांपेक्षा जास्त गोड लागलं होतं.

दोन अडीच वर्षं चांगली गेली. पेपर छापला गेला, सरांची परदेशवारी झाली, केयूरला खराडीतल्या एका छोट्या कंपनीत नोकरी लागून तो गेला. आणि मग गेल्या वर्षी मार्चमध्ये एका सकाळी उल्काच्या कुपीत जेलऐवजी सुया दिसल्या. केसासारख्या बारीक, चकचकीत. रेणू तेच, पण त्यांना दाटीवाटीने, शिस्तीत बसायची आणखी सोयीची मांडणी सापडली होती. स्फटिक झाले होते. या शाखेत मुरलेल्या माणसांना या गोष्टीची धास्ती असते. एकदा ही सोयीची मांडणी जन्माला आली, की तिची धूळ जिथे जाईल तिथे जुनी मांडणी पुन्हा होत नाही. दुधाला विरजण तरी चमचाभर लागतं, इथे डोळ्यांना न दिसणारा कण पुरतो. रेणू त्या कणाकडे बघतात आणि तसेच बसतात.

खरं तर त्या दिवशी लॅबला कुलूप लावायला हवं होतं. पण सरांना सुयांमध्ये दुसरा पेपर दिसला. "वा! खलात घोटून काढ, पावडरचा एक्स-रे काढू," ते म्हणाले. उल्कालाही तेव्हा सुचलं नाही, किंवा सुचलं आणि बोलायचा धीर झाला नाही. तिने नाकातोंडाला ओढणी बांधून उघड्या बेंचवर सुया घोटल्या. मार्चचा उकाडा होता आणि डोक्यावर पंखा गरगरत होता. तो पंखा तिला नंतर फार आठवायचा.

त्यानंतर त्या लॅबमध्ये जेल झालं नाही. भांडी बदलली, द्रव बदलले, सगळ्या फरशा धुतल्या, तरी सुयाच. तोवर सरांनी, कुणी मागितलं की मोठ्या मनाने, आपल्या लॅबमधली पावडर पुड्या बांधून देशोदेशी पाठवून दिली होती. पावडरीबरोबर सुयांची धूळही गेली. मग ‘आमच्याकडे होत नाही’ असं सगळीकडून येऊ लागलं. सरांनी कानावर हात ठेवले.

संस्थेने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष डॉ. पद्मजा मेहेंदळे. सत्तरी ओलांडलेल्या, रसायनशास्त्रात आयुष्य घालवलेल्या, आणि ज्यांच्या तोंडी लागायची भल्याभल्यांची टाप नाही अशा. समितीने बनवाबनवी ठरवली असती तर पेपर मागे घेतला गेला असता, उल्काची पदवी गेली असती आणि पुढे कुठल्याही लॅबच्या दारात तिला कुणी उभं केलं नसतं. हे कुणी तिला सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

"म्हणजे तुमचं म्हणणं असं," मॅडम म्हणाल्या, "की पूर्वी होत होतं, आता होत नाही, आणि पुढेही होणार नाही."

"त्या लॅबमध्ये नाही होणार, मॅडम. तिथे सगळीकडे स्फटिकांची धूळ आहे. कपड्यांत, केसांत, पंख्याच्या पात्यांवर."

"आमच्याकडे याला दृष्ट लागणं म्हणतात. मीठमोहऱ्या ओवाळून बघितल्यात का?"

समितीतले बाकीचे दोघं हसले. सरही हसले. उल्काला मॅडमच्या बोलण्याचं काही वाटलं नाही, पण सरांचं ते हसणं तिच्या फार जिव्हारी लागलं. नंतर मॅडमनी सरांना विचारलं, तुमचं काय मत? सर घसा खाकरून म्हणाले, "माझा उल्कावर पूर्ण विश्वास होता." होता म्हणताना ते खिडकीबाहेर बघत होते.

उल्काच्या हातात एकच गोष्ट उरली होती. जिथे ही धूळ कधी पोचलीच नाही अशी जागा शोधायची आणि तिथे जेल करून दाखवायचं. आणि अशी जागा होती. केयूर मार्चच्या कितीतरी आधी लॅब सोडून गेला होता आणि पुन्हा तिकडे फिरकला नव्हता. शनिवारी ते दोघं डोसा खायला भेटायचे, तेवढं मात्र सुया आल्यावरही काही आठवडे चुकून चालू राहिलं होतं. ते नेहमी बाहेरच भेटलेले, आणि नशिबाने त्याच्या लॅबमध्ये हा रेणू कधी कुणी केलेला नव्हता. ज्या दिवशी उल्काच्या डोक्यात ही कल्पना आली, त्या दिवसापासून तिने त्याला भेटणं बंद केलं. त्या दिवसांत घातलेले कपडे तू धुऊन टाक, नाहीतर फेकूनच दे, असंही तिने त्याला सांगितलं.

"अगं पण भेटायला काय झालंय? बाहेरच तर भेटतो."

"माझ्या केसांत सुया आहेत, केयूर."

"मग ये की सुया घेऊन," तो म्हणायचा. ती हसायची आणि फोन ठेवायची. असं वर्ष गेलं. जवळच्या माणसाला वर्षभर लांब ठेवणं काय असतं ते तिने कुणाला सांगितलं नाही, आणि केयूरनेही पुढे पुढे विचारणं सोडून दिलं.

त्याने बाजारातून नवी रसायनं मागवून तो रेणू पहिल्यापासून स्वतः केला. कंपनीचं काम सांभाळून, साहेबाच्या हातापाया पडून. एका रविवारी दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. फोनच्या पडद्यावर आधी नुसतं छत दिसलं, मग त्याचा हात, मग कुपी. उलटी.

"बघ! हलत पण नाहीये यार! उल्का, दिसतंय का? आय अ‍ॅम टेलिंग यू, दगड आहे दगड!"

उल्का रडली. बाबा स्वयंपाकघरातून डोकावले, तिने त्यांना फोन दाखवला, तर त्यांनी जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं त्या कुपीकडे बघून मान डोलावली.

समितीला कळवल्यावर मॅडमचा निरोप आला. दुसऱ्याच्या हातचं चालणार नाही. खराडीला आम्ही येतो, आमच्या डोळ्यांसमोर तुम्ही तुमच्या हाताने करून दाखवा. त्या लॅबमध्ये जायला सगळ्यात नालायक माणूस कोण असेल तर उल्का स्वतः. पण तिने तयारीत काही म्हणता काही कमी ठेवलं नाही. लक्ष्मी रोडवरून नवा ड्रेस घेतला आणि दुकानदाराने बांधून दिलेली पिशवी उघडलीच नाही. नव्या चपला खोक्यात तशाच ठेवल्या. खराडीला आधी पोचायचं, तिथल्या बाथरूममध्ये डोक्यावरून न्हायचं, मग पिशवी उघडून नवे कपडे घालायचे. येणाऱ्या प्रत्येकासाठी कागदी झगे, टोप्या, पायमोजे मागवले. मोबाइल, पर्स, घड्याळ, सगळं बाहेर.

निघायच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "आपली ती कुपी घेऊन जा. दाखव त्यांना. चार वर्षं झाली, म्हणावं, अजून जागची हललेली नाही."

उल्काने त्यावर रसायनशास्त्राच्या माणसाने करावा तसा विचार केला. आपलं घर स्वच्छ नाही, हे तिला माहीत होतं. पण कुपी मार्चच्या कितीतरी आधी लॅबमधून बाहेर पडली, आणि तेव्हापासून बंद शोकेसमध्ये आहे. शोकेसची काच सरकताना कुरकुरायची, ती कुणी उघडलेली उल्काने वर्षानुवर्षं पाहिली नव्हती. ती सकाळी सातला घर सोडायची आणि जेवायच्या वेळी परत यायची, तिला तशी घरातली कुठलीच गोष्ट होताना दिसायची नाही, हे मात्र तिच्या विचारात आलं नाही. तिने नवी प्लास्टिकची पिशवी हातात घालून कुपी उचलली आणि पिशवी उलटवून तिला गाठ मारली.

खराडीच्या त्या काचेच्या इमारतीत सगळे जमले. कागदी झगा बघून सर म्हणाले, "ऑपरेशन कुणाचं आहे?" मॅडमनी मात्र निमूटपणे टोपीसकट सगळं चढवलं. "लग्नात मुंडावळ्या बांधल्या होत्या, त्यापुढे हे काहीच नाही," त्या म्हणाल्या. केयूर दारात उभा होता. वर्षाने दिसत होता. उल्काला त्याच्याशी काहीतरी बोलायचं होतं, पण समोर समिती उभी, त्यामुळे दोघांनी एकमेकांना ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं.

केयूरची कुपी बेंचवर उलटी उभी होती. मॅडम वाकून बघत म्हणाल्या, "यात बाजारातलं केसांचं जेल भरलेलं नाही कशावरून?" केयूरने हसून कुपीचं झाकण काढलं आणि ती त्यांच्यापुढे धरली. मग उल्काने पिशवीची गाठ सोडली आणि आपली पहिली कुपी बाहेर काढली. ही पेपरमधली, चार वर्षांपूर्वीची, ती म्हणाली. मॅडमनी ती हातमोजे घातलेल्या हातात घेऊन उलटसुलट केली, पुढच्या सदस्याला दिली, त्याने उल्काला परत दिली. तिने ती वजनकाट्याशेजारी ठेवली आणि त्याच हाताने पावडर मोजायला घेतली. हातमोजे बदलायचे तिच्या मनात आलं नाही, कारण तिच्या हिशेबाने त्या कुपीइतकं निर्मळ त्या खोलीत दुसरं काही नव्हतंच.

पावडर द्रवात पडली, तापली, विरघळली. कुपीत पाण्यासारखं नितळ काहीतरी दिसू लागलं. तिने ती बेंचवर ठेवली आणि सगळे बघत उभे राहिले. जेल व्हायचं असतं तेव्हा तळापासून हलकी दुधी छटा चढत येते. उल्का त्या छटेची वाट बघत होती. तिच्याऐवजी मधोमध काहीतरी चमकलं. मग त्याच्या बाजूला आणखी एक.

काय झालंय ते त्या खोलीत अजून कुणालाच कळलं नव्हतं. उल्काला कळलं होतं.

"उलटी करा," मॅडम म्हणाल्या.

तिने उलटी केली. द्रव झाकणाशी घरंगळला आणि त्यात सुयांचा झुबका तरंगत राहिला. मग मागे टिक असा आवाज झाला. सरांनी झग्याच्या आत हात घालून खिशातलं पेन काढलं होतं. निळं, जाडजूड, वर्षानुवर्षं त्यांच्या टेबलावर लोळणारं, ज्याने ते येता जाता लॅबमधल्या कुपीकुपीवर टकटक करायचे तेच पेन.

उल्काचा तोल गेला. "सर, हे पेन तुम्ही आत आणलंत? सगळं बाहेर ठेवा म्हणून सांगितलं होतं ना? तुम्हाला माहीत होतं! तुम्ही मुद्दाम आणलंत! माझं झालं तर तुमची त्या पुड्यांची चूक बाहेर येईल म्हणून!"

सर जराही चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते मॅडमकडे वळून म्हणाले, "हे आपण कृपया नोंदवून घ्यावं." आणि त्याच पेनाने त्यांनी स्वतःही काहीतरी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी केयूरचा फोन आला. उघडून दाखवलेल्या त्याच्या कुपीत रातोरात सुया झाल्या होत्या. त्याने सकाळपासून पुन्हा पुन्हा करून बघितलं, एकदाही जेल झालं नव्हतं. "आता इथे पण संपलं, उल्का," तो म्हणाला. "साहेब म्हणतोय, तुझ्या मैत्रिणीला आत कशाला घेतलंस." मैत्रिणीला हा शब्द त्याने साहेबाच्या तोंडचा म्हणून सांगितला, पण स्वतःचाही काही वेगळा शब्द त्याच्याकडे आता उरला नव्हता, हे तिला ऐकू आलं.

दोन दिवस उल्का अंथरुणात पडून राहिली. बाबा चहा आणून ठेवायचे आणि गार झाला की घेऊन जायचे. मग तिसऱ्या दिवशी ती ताडकन उठून बसली. पहिली कुपी! जगातलं शेवटचं जेल शोकेसमध्ये उभं आहे आणि आपण काय रडत बसलोय? खराडीहून परत आल्यावर तिनेच ती पुन्हा आईच्या फोटोशेजारी ठेवली होती. समितीसमोर उघडायची, लगेच यंत्राखाली घालायची. आतला रेणू तोच आहे हे सिद्ध होईल. आणि उघडल्यावर त्यांच्या डोळ्यांदेखत त्याच्या सुया झाल्या तर मग काय बघायलाच नको, तिचं सगळं म्हणणं तिथल्या तिथे खरं ठरेल.

तिने मॅडमना फोन लावला.

"इतके दिवस ही कुपी होती कुठे?"

"घरी, मॅडम. शोकेसमध्ये."

"शोकेसमध्ये," मॅडम म्हणाल्या. मग त्यांचा आवाज थोडा उतरला. "हे बघा, पानसे. माझ्या तरुणपणी एक औषध करताना आमचंही असं झालं होतं. एक दिवस व्हायचं बंद झालं. तेव्हा आमचंही कुणी ऐकलं नव्हतं. सोमवारी अकराला या. सीलबंद जशी आहे तशी आणा. आमच्यासमोर उघडू."

उल्काच्या जिवात जीव आला. ‘आमचंही कुणी ऐकलं नव्हतं’ हे वाक्य ती मनातल्या मनात घोळवत राहिली. तिने बाबांना सगळं सांगितलं. सोमवारी ही कुपी सगळ्यांसमोर उघडणार, बाबा. तोवर आहे तिथेच असू दे. हात लावू नका असं तिने सांगितलं नाही. शोकेस कुणी उघडतच नाही, मग सांगायचं काय, असं तिला वाटलं.

सोमवारी सकाळी तिने शांतपणे आवरलं. केस विंचरत बाहेर आली तेव्हा बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. स्टुलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर पक्कड, एक फडकं, आणि कुपी.

"झाकण जाम बसलं होतं गं," ते म्हणाले. आज ते कधी नव्हे ते बोलायच्या लहरीत होते. "चार वर्षं झाली म्हटल्यावर बसणारच. तिथे चारचौघांत उघडलं नाही म्हणजे शोभा. पहाटेच पक्कडीने सैल करून ठेवलं. तोंडाशी जरासं चिकटलेलं होतं, तेही पुसून घेतलं. आता नुसतं बोटाने फिरवलंस की उघडेल बघ."

उल्का फडक्याकडे बघत होती. जांभळ्या रंगावर पांढरे ठिपके. तिची सुती ओढणी होती ती. त्या मार्चमध्ये सुया घोटताना तिने नाकातोंडाला बांधलेली. पुढे टोकाला फाटली म्हणून तिनेच ती फडक्यांच्या डब्यात टाकली होती.

"बाबा, हे फडकं..."

"तुझीच ओढणी. मऊ आहे, काचेला चरा पडत नाही. तू लॅबला गेलीस की रोज याच्यानेच पुसतो. बाकीच्या वस्तूंवर नुसता हात फिरवतो, पण ही काढून, वरून खालून नीट पुसतो. आईचा फोटो आणि ही. कुणी आलं-गेलं की उलटी करून दाखवतोही." ते किंचित लाजल्यासारखे हसले. "तुला कधी बोललो नाही एवढंच."

खराडीला धूळ कुणी नेली ते उल्काला कळलं. सरांच्या पेनाचा काही संबंध नव्हता. तिने तिच्या हातांनी, नव्या पिशवीत घालून, गाठ मारून ती तिथे नेली होती, बाबांच्या हाताची रोजची माया लागलेली. म्हणजे सरांवर केलेला आरोप खोटा होता. त्या माणसाची माफी मागावी लागणार, याची तिला शिसारी आली. आणि ती मागायची तर समितीसमोर बाबांचं नाव घ्यावं लागणार होतं, ही ओढणी टेबलावर ठेवावी लागणार होती.

"अशी बघतेस काय? हे बघ ना," असं म्हणून बाबांनी सवयीने झाकणावर अंगठा दाबून कुपी उलटी केली. "अजून तशीच..."

आतलं सगळं घरंगळून झाकणाशी आलं. खिडकीतून उन्हाचा पट्टा आला होता, त्यात सुया लखलखत होत्या. थोडा द्रव अंगठ्याखालून झिरपून त्यांच्या मनगटावर ओघळला. बाबांचा हात तसाच हवेत राहिला.

"पडलं," ते म्हणाले. मग फार लहान आवाजात, "उल्का, माझ्यामुळे काही झालं का गं?"

तिला ओरडावंसं वाटलं. रोज पुसायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला, म्हणावंसं वाटलं. ते तिच्या ओठांपर्यंत आलंही. पण त्यांचा हात अजून वरच होता, त्यांना तो खाली घ्यायचंही सुचत नव्हतं.

"नाही हो, बाबा. जुनं झालं होतं. आज ना उद्या पडणारच होतं ते."

"नक्की ना?"

"नक्की." तिने त्यांच्या हातातून कुपी घेऊन स्टुलावर ठेवली. "मला शिकवता का आता माझंच रसायनशास्त्र?"

त्यांना बरं वाटलं. ते ओढणीने मनगट पुसत आत हात धुवायला गेले. उल्का फोन घेऊन गॅलरीत आली. मॅडमना सुया दाखवायच्या म्हटलं तर कुठलं जेल, कधीचं जेल, झाकण कुणी उघडलं, हे सगळं आलंच. तिने नंबर लावला.

"मॅडम, पानसे बोलतेय. मी येत नाहीये. कुपी फुटली. माझ्याच हातून."

चार वर्षांत त्या जेलबद्दल घराबाहेर ती खोटं असं हे पहिल्यांदाच बोलली होती, आणि मॅडमचा त्यावर लगेच विश्वास बसला.

"वाटलंच होतं मला," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

उल्का आत आली तेव्हा बाबांनी ओढणीची घडी करून ती शोकेसच्या काचेजवळ ठेवली होती आणि आईचा फोटो पुन्हा मधोमध सरकवत होते.